पाळी जाण्याआधीची वर्षे

जानेवारीतली दिल्ली. बाहेर दाट धुके आणि हाडे गोठवणारी थंडी. नॉयडातल्या एका सदनिकेत पहाटे तीन वाजता एक मराठी शिक्षिका रजई बाजूला सारून उठते आणि खिडकी उघडते. मान घामाने भिजलेली असते. तिचे वय ४५. गेल्या सहा महिन्यांत पाळी कधी एकवीस दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी आलेली आहे. वर्गात शिकवताना ओळखीचा शब्द ऐन वेळी आठवत नाही. आपले काहीतरी बिघडले आहे, अशी तिची समजूत होते.

नागपूरला आईला फोन करून ती विचारते, "आई, तुझी पाळी कशी गेली गं?" पलीकडून उत्तर येते, "जायला राहिलीच कुठे? बेचाळिसाव्या वर्षी अंगावरून फार जायला लागलं, तर डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. काढली."

मुलीला होत असलेला त्रास हा आजार नाही. रजोनिवृत्तीपूर्वीच्या या संक्रमणकाळाला वैद्यकात 'पेरिमेनोपॉज' म्हणतात. तो बहुधा काही वर्षे चालतो आणि सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. या काळात इस्ट्रोजेन संथपणे उतरत जात नाही. ते हेलकावे खाते, मधूनच पूर्वीपेक्षाही वर चढते. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर एफएसएचच्या एका रक्तचाचणीवरून निदान करता येत नाही. पाळीच्या तारखा आणि लक्षणे अधिक सांगून जातात. इस्ट्रोजेन घटले, की मेंदूतील हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी अतिसक्रिय होतात आणि शरीराची उष्णता सोसण्याची मर्यादा अरुंद होते. तापमानात किंचित वाढ होताच शरीर घाम सोडते, मग बाहेर धुके का असेना.

आईचे उत्तर मात्र एकट्या घरातले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधील अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. कधी कधी ही शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असते. परंतु गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांच्या ठिसूळपणाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

अतिरक्तस्रावावर आधी इतर उपाय करून पाहता येतात: रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी. घाम आणि झोपमोडीवर संप्रेरक उपचार परिणामकारक ठरतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा भाग स्तनकर्करोगाच्या धोक्यामुळे थांबवला गेला आणि जगभर या उपचारांची धास्ती बसली. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय मात्र ६३ होते. साठीच्या आतल्या निरोगी स्त्रीसाठी लाभ-हानीचा हिशेब वेगळा असतो आणि तो डॉक्टरांबरोबर बसूनच करावा लागतो. स्तनकर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, तर निर्णय बदलतो. पाळी अनियमित झाली तरी गर्भधारणा होऊ शकते, हेही विसरून चालत नाही. आणि पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसले, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

नॉयडातली ती शिक्षिका वहीत तारखा लिहू लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ वही पाहतात आणि हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासायला सांगतात. तीच लक्षणे त्यांच्यातील बिघाडामुळेही दिसू शकतात. घरी परतल्यावर ती पुन्हा नागपूरला फोन लावते.

"आई, त्या वेळी नुसती पिशवीच काढली होती, की अंडाशयंही?"

"ते कोणी सांगितलंच नाही गं."

"जुने कागद शोधून ठेव. पुढच्या महिन्यात मी येते. तुझ्या हाडांची तपासणी करून घेऊ."