चालणाऱ्यासाठी सोडलेली जागा

बोलोन्यात पाऊस आला तरी कुणाची धावपळ होत नाही. गप्पा चालू राहतात, सायकल हातात धरून कुणी सावकाश जात असतं, आणि पाऊस शेजारच्या रस्त्यावर पडत राहतो. उत्तर इटलीतल्या या शहरात पायी चालणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर आहे. घरांचे वरचे मजले रस्त्याकडे पुढे आलेले, त्यांना खालून खांबांचा आधार, खांबांवर कमानी आणि कमानींच्या आत वाट. अशा वाटा सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात. त्यांतल्या निवडक भागांना २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

इथे चालताना सारखी उघडमीट होत असते. एक पट्टा उन्हाचा, एक सावलीचा. एका घराची हद्द संपली की पायाखालची फरशी बदलते, खांब गोलाचे चौकोनी होतात, छताला मध्येच कुणा जुन्या मालकानं काढवून घेतलेली चित्रं दिसतात. भिंती गेरूच्या, विटकरी, पिकल्या जर्दाळूच्या रंगाच्या. संध्याकाळी हा रंग कमानींच्या आत उतरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरेही उजळतात. कुठे वळायचं हे ठरवावं लागत नाही. एक कमान पुढच्या कमानीकडे नेते.

या कमानी सौंदर्यासाठी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या मुळाशी जागेची टंचाई आहे. बोलोन्याचं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची मानतं. रोमन कायदा शिकायला युरोपभरातून मुलं इथे येऊ लागली आणि त्यांना राहायला खोल्या हव्या झाल्या. घरमालकांनी वरचा मजला रस्त्यावर पुढे ओढला. तो फार पुढे गेला तेव्हा खालून लाकडी टेकू दिले. अशी बांधकामं इतर अनेक शहरांनी पाडून टाकली. बोलोन्यानं १२८८ मध्ये उलट हुकूम काढला: नव्या घराला कमानीची वाट असलीच पाहिजे. जमीन मालकाची, डागडुजी मालकाची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर, घोड्यावरचा माणूसही खालून जावा म्हणून. आपल्या वाड्याच्या ओसरीवर वाटसरू टेकायचा, तो घरधन्याच्या चांगुलपणावर. इथे ती ओसरी कायद्यानंच वाटसरूची झाली, आणि एका घराची ओसरी पुढच्या घराच्या ओसरीला जोडली गेली.

स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर कासा इसोलानी नावाचं तेराव्या शतकातलं घर आहे. १५६८ मध्ये लाकडी खांबांच्या जागी विटांचे किंवा दगडी खांब उभारण्याचा हुकूम निघाला. त्यातून वाचलेल्या थोड्या लाकडी कमानींपैकी एक या घराची. ओकचे काळसर खांब जवळजवळ नऊ मीटर उंच गेले आहेत. त्यांच्याखाली उभं राहिलं की वरच्या मजल्याचं वजन जाणवतं, आणि परगावाहून आलेल्या पोरांना निवारा द्यायला हे शहर किती पुढे झुकलं होतं तेही.

ती मुलं परकी होती, म्हणून दुबळी होती. एखाद्याच्या गाववाल्यानं कर्ज बुडवलं तर त्याच्याऐवजी या विद्यार्थ्यालाच धरत. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं हे थांबवणारा आणि शिक्षणासाठी प्रवास करणाऱ्यांना संरक्षण देणारा आदेश काढला. पुढे विद्यार्थ्यांनी आपले संघ बांधले, आपल्यातूनच प्रमुख निवडले. उशिरा आलेल्या प्राध्यापकाला ते दंड करत. शहराबाहेर जायचं तर त्याला त्यांची परवानगी लागे. पोलंडहून कायदा शिकायला आलेल्या कोपर्निकसनं याच शहरात ९ मार्च १४९७ च्या रात्री रोहिणीचा तारा चंद्राआड जाताना पाहिला. कायद्यासाठी आलेला मुलगा इथे आकाशही पाहत राहिला. परक्या गावातली मोकळीक अशीही कामी येते.

आर्किजिन्नाझियो या १५६३ च्या विद्यापीठ-इमारतीत भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरली आहेत. ती हजारोंच्या घरात आहेत. त्याच इमारतीत १६३७ चं शवविच्छेदनगृह आहे: मध्ये संगमरवरी टेबल, भोवती लाकडी बाकांच्या चढत्या रांगा. जानेवारी १९४४ मध्ये बॉम्बनं ते उद्ध्वस्त झालं. ढिगाऱ्यातून सापडलेले मूर्तींचे आणि लाकडाचे तुकडे वापरून शहरानं ते पुन्हा उभं केलं. सान फ्रांचेस्को चर्चच्या मागे मध्ययुगीन कायदेपंडितांची थडगी आहेत. खांबांवर उचललेली, वर टोकदार छत्र्या. शिक्षकांना इतक्या उंचावर निजवणाऱ्या शहराबद्दल मन आदरानं भरून येतं.

पण या उदार वाटेलाही अडसर होता. लाउरा बासी या विदुषीला १७३२ मध्ये पदवी मिळाली, अध्यापनाची जागाही मिळाली, तरी बाई म्हणून विद्यापीठात नेहमी शिकवायची मुभा नव्हती. तिनं घरीच प्रयोगशाळा थाटली आणि घरीच शिकवलं. प्रायोगिक भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद तिला १७७६ मध्ये मिळालं, मृत्यूच्या दोन वर्षं आधी. एक दार उघडायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आज व्हिया झांबोनी या रस्त्यावर पदवीच्या दिवसांत डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेली मुलंमुली दिसतात. भोवती मित्र गात असतात, आईवडील फोटो काढत असतात. त्यांच्यामागच्या खांबांवर खोली हवी असल्याच्या चिठ्ठ्या असतात. पर्यटक वाढले, घरं त्यांच्यासाठी भाड्यानं जाऊ लागली, आणि ज्या गरजेतून या कमानी जन्मल्या ती गरज विद्यार्थ्यांपुढे पुन्हा उभी आहे.

म्हणून बोलोन्यात चालताना मला पुरातनापेक्षा त्या १२८८ च्या हुकुमाचंच अधिक कौतुक वाटत राहतं. आपल्या हद्दीतली थोडी जागा परक्यासाठी सोडा, असं एका शहरानं स्वतःच्या नागरिकांना सांगितलं, आणि त्या जागेतून कायदा, वैद्यक आणि खगोलविद्या चालत आली. विद्यापीठाच्या गावाचं मोठेपण सनावळीवरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. मला वाटतं, ते यंदा दुरून आलेल्या, हातात फारसे पैसे नसलेल्या मुलीला तिथे राहायला खोली मिळते का, यावरून मोजावं.