माश्यांचे कांदेपोहे

आमच्या घराण्यात प्रेमविवाह नाहीत. घराणं म्हणजे गाण्यातलं नव्हे; गाणं तर त्याहून नाही. तीन पिढ्यांत जी काही लग्नं झाली ती पत्रिका, मध्यस्थ आणि कांदेपोहे यांच्या बळावर. "ते रक्तातच असावं लागतं," असं आमची ताई म्हणते. ज्या सुरात म्हणते, त्यावरून ते आपल्या रक्तात नाही याचं तिला समाधानच वाटत असावं.

या ताईचीच मुलगी पाषाणला 'आयसर'मध्ये फळमाश्यांवर संशोधन करते. पिकलेल्या केळ्यांभोवती जी चिलटं घोंघावतात, तीच ही मंडळी. स्थळाकडच्यांनी "मुलगी काय करते?" असं विचारलं की ताईची पंचाईत होते. माश्यांचं नाव काढलं की पुणेकराला त्या मारणंच आठवतं. आणि ते काम बँकेच्या काउंटरवर मी बावीस वर्षं करतो आहे, असं आमच्या साहेबांचं मत आहे. २०२०च्या जानेवारीत याच आयसरमध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या माशीवाल्या शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. ताईनं एवढंच विचारलं, "जेवायला काय होतं?"

"मामा, रक्तात असणं म्हणजे काय, ते माशीत बघ," भाची एकदा म्हणाली. नर आधी मादीच्या मागे मागे चालतो. मग पुढच्या पायानं तिला हळूच टपली मारतो. मग एकच पंख पसरून तो थरथरवतो. हे त्याचं गाणं! दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास, आणि प्रत्येक जातीची लय निराळी. जन्मापासून एकटा ठेवलेल्या नरालाही हे सगळं येतं. ना गुरू, ना गंडा, ना मध्यस्थ.

यामागे मुख्य हात 'फ्रूटलेस' नावाच्या जनुकाचा. १९६३ साली कुलबीर गिल यांनी अशा नरांची नोंद केली, की जे नर-मादी न बघता कुणाचीही मनधरणी करत आणि ज्यांना संतती होत नसे. पुढे त्या जनुकाला हे नाव पडलं. फ्रूटलेस म्हणजे निष्फळ. ताईच्या स्थळांच्या वहीत निम्म्या पानांवर हाच शेरा आहे. हे जनुक नर-मादी दोघांतही असतं. फक्त त्याचा मजकूर दोघांत निरनिराळ्या तऱ्हेनं कापून जोडला जातो. २००५ साली व्हिएन्नात एब्रू देमिर आणि बॅरी डिक्सन यांनी मादीत नरासारखी जोडणी करून पाहिली. त्या माद्या दुसऱ्या माद्यांची मनधरणी करू लागल्या!

"म्हणजे सगळं लिहूनच आलेलं," मी म्हणालो. "मग ताई पत्रिका बघते, त्यात काय चुकलं?"

"अर्धंच ऐकलंस, मामा. गाणं लिहून आलेलं असतं, होकार नाही. तो मादी देते. पसंत नसेल तर ती निघून जाते, लाथही मारते. आणि नकार मिळालेला नर शिकतो. १९७९ साली सीगल आणि हॉल यांनी हे दाखवलं. जिचं आधीच जमून गेलंय अशा मादीकडून नकार घेतलेला नर पुढे दोन-तीन तास दुसरीच्याही फारसा मागे लागत नाही. मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा, पण 'नाही' कळतं."

एवढं बोलून ती गप्प झाली. का, ते मला ठाऊक होतं. एका स्थळाला तिनं तीन महिन्यांपूर्वी नाही म्हटलं होतं. मुलाच्या आईचा अजून दर रविवारी फोन येई, "मुलगी लाजली असेल हो!" मुलगा संध्याकाळी आयसरच्या फाटकाशी गाडी घेऊन उभा राही. आणि ताई म्हणे, "घराणं चांगलं आहे, पुन्हा विचार कर."

मी ताईला सगळं सांगितलं. टपलीपासून लाथेपर्यंत. फाटकाचं तिला माहीत नव्हतं. ती काहीच बोलली नाही.

रविवारी फोन वाजला. ताईनं उचलला. "मुलीनं नाही सांगितलंय, आणि आमचंही नाहीच आहे," ती म्हणाली. पलीकडून कारण विचारलं असावं.

"कारण कसलं विचारता?" ताई कडाडली. "अहो, माशीलासुद्धा कळतं!"