हेराल्डचा दाक्षिणात्य पाठ

जुन्या ग्रंथाचे संपादन करणाऱ्याला आणि जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्याला एकाच प्रश्नापाशी अडावे लागते : मूळ कशाला म्हणावे? ग्रंथांपुरती ही अडचण आम्ही वर्गात शिकवीत आलो आहोत. मोटारीपुरती ती साक्रीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, हात काळे करून शिकलो. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, पती-पत्नी. आमच्याकडे १९७० सालची चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी, म्हणजे दुसरीच्या सासऱ्यांनी, ती १९७७ साली जुनी म्हणून घेतली आणि साक्रीच्या न्यायालयात वकिली करीत तीस वर्षे वापरली. ते गेल्यानंतर गाडी विकून टाकावी असेच घरात सर्वांचे मत होते. घेणारा मिळाला नाही म्हणून ती राहिली; जीव मागाहून जडला.

हेराल्ड ही स्पोर्ट्‌स कार नव्हे, हे जाणकार वाचक लगेच सांगतील. परंतु तिचे गोत्र पाहावे. १९५९ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती बाजारात आणली. आकृती तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलॉट्टी यांची. तोवर बहुतेक मोटारींचे अंग एकसंध पत्र्याचे होऊ लागले होते. स्टँडर्डला मात्र ते साधेना, कारण सबंध सांगाडा पुरवू शकणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्येच प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली होती. म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवली, अंगाचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करून घेतले आणि ते बोल्टांनी जोडले. त्याच चासीला आखूड करून, चाकांमधले अंतर साडेएक्याण्णव इंचांवरून ८३ वर आणून, मिकेलॉट्टींनीच स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार रेखाटली. पैशाच्या अडचणीने तिचा नमुना बाजूला पडला होता. १९६१ साली लेलँडने कंपनी घेतली तेव्हा नव्या मालकांना तो कारखान्याच्या एका कोपऱ्यात, कापडाखाली झाकलेला सापडला, अशी कथा सांगतात. बाडात दडलेल्या पोथीची आठवण व्हावी अशीच ही कथा आहे. स्पिटफायर १९६२ पासून १९८० पर्यंत निघत राहिली. ती भारतात कधी तयार झाली नाही. इथे आली ती तिची थोरली, संसारी बहीण.

थोरली आली आणि बदलली. मद्रासजवळच्या वंडलूर येथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडियाने १९६१ पासून हेराल्ड बनवायला घेतली. इंजिन ९४८ सीसीचेच राहिले. इंग्लंडातील हेराल्डला दोनच दारे होती. भारतातल्या कुटुंबांचा आकार पाहून म्हणा वा अन्य कारणाने, इथे पुढे चार दारांची निघाली. इंग्लंडातल्या मालकाने ती कधी पाहिली नसेल. १९७२ मध्ये तिची जागा गॅझेलने घेतली. तिच्यात मागची स्वतंत्र चाके जाऊन सरळ अ‍ॅक्सल आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कारखानाच थांबला. संहितेच्या परिभाषेत सांगायचे तर आमच्या दारात उभी आहे ती हेराल्डची दाक्षिणात्य परंपरेतील प्रत. महाभारताच्या उत्तरी आणि दाक्षिणात्य वाचना जशा एकाच ग्रंथाच्या असूनही एकमेकींच्या नकला नव्हेत, तशीच ही.

आता शेडमध्ये येऊ. आमचे मिस्तरी सत्तरीच्या पुढचे आहेत. सारे त्यांना आप्पा म्हणतात, आम्हीही. त्यांच्या हाताखाली आज कोणी नाही. हेराल्डचे बॉनेट, मडगार्डे आणि दिवे यांसकट सगळा पुढचा भाग एखाद्या पेटीच्या झाकणासारखा पुढे उलटतो, आणि आप्पा चाकावर बैठक मारून इंजिनाचे काम करतात. असे काम कोणत्याही नव्या गाडीत करता येत नाही. पहिली अडचण पान्यांची. बाजारात मिळतात ते मिलिमीटरचे पाने. हेराल्डचे बोल्ट इंचांचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७, तेवढ्या फटीत बोल्टाची डोकी गोल होतात. मधल्या काळात ज्या कोणी ही गाडी खोलली त्याच्याजवळ कोणते पाने होते, हे आम्ही आता नुसत्या बोल्टाच्या डोक्यावरून सांगू शकतो. लेखनिकाच्या हस्तदोषावरून तो कोणत्या प्रांतीचा हे ताडण्यासारखेच हे आहे.

खरे पाठभेद मात्र पुढच्या चाकाच्या मुळाशी आहेत. हेराल्डचे पुढचे चाक ज्या उभ्या दांड्यावर वळते, त्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात फिरते. इंग्रजी पुस्तकात त्याला ट्रनियन म्हटले आहे, आप्पा नुसते ‘पितळी’ म्हणतात. प्रत्येक वळणावर दांडा त्या ठोकळ्यात किंचित वर-खाली होतो. आत वंगण नसेल तर पाणी शिरते, आट्यांशी गंज धरतो, दांड्याला चीर पडते आणि एके दिवशी तो तुटून चाक मडगार्डाखाली आडवे होते. बहुधा गाडी हळू वळत असताना हे घडते. वेगात घडले तर पुढचे सांगायला नको. कारखान्याच्या पुस्तकात येथे घट्ट गिअर ऑइल भरण्यास सांगितले आहे. परंतु ग्रीसगन हाताशी असते, सगळ्या गाड्यांना ग्रीस चालते, म्हणून इथेही ग्रीस भरण्याची रीत पडली. ते खालच्या आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, वाळून टणक होते आणि नंतर तेलालाही वाट देत नाही. आमच्या गाडीची डावी पितळी खोलली तेव्हा आतून काळ्या मेणासारखे काहीतरी खरवडून काढावे लागले. आप्पांनी इंग्रजी पुस्तक पाहिलेले नाही. पितळी हातात फिरवून ते म्हणाले, “सर, इले तेल जोयजे, ग्रीस नही.” छापील संहिता आणि मौखिक परंपरा इतक्या नेमकेपणाने जुळलेल्या आम्ही इतरत्र क्वचितच पाहिल्या आहेत.

नव्या पितळ्या मिळतात, ही स्पिटफायरची कृपा. दोघींचा पुढचा चाकबांधा एकाच कुळीचा असल्याने, ब्रिटनमध्ये स्पिटफायरवेड्यांसाठी आजही तयार होणारे भाग आमच्या गाडीला बसतात. संसारी बहिणीला धाकटीने परदेशातून मनीऑर्डर पाठवावी तसे हे आहे. (ब्रिटिश मोटारींची नावे कुठवर फिरतील सांगवत नाही. एमजी म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे. आमच्या विद्यार्थ्यांना एमजी म्हटले की गुजरातेत हालोलला बनणारी, चिनी मूळ कंपनीची गाडी आठवते. ग्रंथाचे नाव तेच, संहिता निराळी.)

वडिलांची एक वही आहे. दीडशे पानी, वकिली कागदांत राहिलेली. तीत १९७७ पासूनच्या दुरुस्त्यांची टिपणे आहेत : कार्बोरेटर खोलला, पॉइंट घासले, सुरतेहून रिंगा आणल्या, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. काय काढले आणि त्या जागी काय बसवले, दोन्ही लिहिलेले असते. काढलेल्या वस्तू एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. त्या काळी या गोष्टीचे आम्हांला हसू येई.

या वहीचे मोल कळले ते २०२१ साली. त्या वर्षी केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नवे नियम केले. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे होऊन गेलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी ती मूळ रूपात असावी आणि तिच्या चासीत, अंगात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच. आमची गाडी वयाने पात्र ठरते. पण ‘मूळ रूप’ या दोन शब्दांशी आम्ही थबकलो. कॉव्हेंट्रीचे मूळ की वंडलूरचे? दारे चार आहेत हेच मुळात कॉव्हेंट्रीच्या दृष्टीने प्रक्षिप्त. आणि सुटे भाग मिळत नसलेल्या दिवसांत ज्या गाड्या खानदेशच्या धुळीत पन्नास वर्षे टिकल्या, त्या फेरफार झाले म्हणूनच टिकल्या. काही न बदललेली हेराल्ड म्हणजे काही न चाललेली हेराल्ड.

संपादकांना हा पेच जुना आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण पाठ भ्रष्ट झाले होते. पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळी पोथी छापली, ती नाथांच्याही आधीची म्हणून. राजवाड्यांचा देह धुळ्यात पडला, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच आहे. साक्रीकरांना हा वाद परका नाही. सुकथनकरांनी भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा स्पष्ट केले होते की, ही व्यासांची मूळ प्रत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांवरून पोचता येईल तितके जुने रूप, एवढाच तिचा दावा. नाकारलेले पाठही त्यांनी तळटीपांत जपले. सरकारी नियमाने जर एवढेच विचारले असते की, काय बदलले ते लिहून ठेवले आहे काय, तर आम्ही वही पुढे केली असती.

गेल्या उन्हाळ्यात हा विचार प्रत्यक्षात तपासून पाहण्याची वेळ आली. इंजिनाच्या तळातून ठोके येऊ लागले. क्रँक झिजला होता. तो घासून त्याला जाड बेअरिंगे बसवता येतात. इंचाचे हजारावे भाग मोजत दहा, वीस, तीस असे हे मापांचे टप्पे. आमचा क्रँक वीसवर होता, म्हणजे एकच टप्पा शिल्लक. बाह्यवळणावरच्या तरुण गॅरेजवाल्याने दुसरा मार्ग सुचवला : जुन्या ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन. स्वस्त, सुटे भाग कुठेही मिळतील, आठवड्यात गाडी रस्त्यावर.

आम्हा दोघांत यावरून खरोखर भांडण झाले. एकीचे म्हणणे असे की, कन्येने याच गाडीवर चालवणे शिकावे, पिंपळनेरला आजीकडे निर्धास्त जाता यावे. वारीत हाताळली जाणारी अशुद्ध पोथी ही कपाटातल्या शुद्ध पोथीपेक्षा अधिक जिवंत असते. हे खोडून काढणे सोपे नव्हते, अजूनही नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ओम्नीचे इंजिन बसवायचे तर चासीवरचे जुने कान कापावे लागतील, नवे वेल्ड करावे लागतील. अल्टरनेटर बसवला तेव्हा डायनॅमो डब्यात गेला, उद्या कोणी तो परत लावू शकेल. कापलेले कान परत येत नाहीत. पुढच्या मिस्तरीला वाचता येईल आणि उलटवता येईल तो बदल म्हणजे दुरुस्ती. मागचे खरवडून त्यावर लिहिणे हे निराळे काम. भांडण दोन आठवडे चालले. शेवटी कन्येनेच आप्पांना विचारले, शेवटच्या मापावर इंजिन किती वर्षे निघेल? त्यांनी उत्तर दिले नाही, पाने धुवायला घेतले. तिने ते होकारार्थी धरले.

क्रँक धुळ्याला लेथवर घासून आणला. बेअरिंगे मुंबईहून. आप्पांनी इंजिन बांधताना तिला जवळ बसवून घेतले आणि प्रत्येक बोल्ट किती आवळायचा ते हाताने दाखवले, कारण त्यांच्याजवळ आवळण्याचे माप दाखवणारा पाना नाही; आमच्याजवळचा त्यांना विश्वासार्ह वाटत नाही. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज आम्ही केलेला नाही. साधी नोंदणी आहे, ती चालू ठेवली आहे. वहीत या खेपेची नोंद कन्येच्या अक्षरात आहे : क्रँक ३०, घासायला पुढे माप नाही, डाव्या पितळीला तेल दिले, उजवी परदेशातून यायची आहे, तोवर घाटात नेऊ नये.