रक्ततपासणीचा कागद

हल्लीं पुष्कळ पालक रजेच्या अर्जासोबत रक्ततपासणीचा कागदहि जोडतात. त्यावर एखादा आंकडा ठळक छापलेला असला, म्हणजे सारें घर चिंतेंत पडतें. अशा आंकड्यांचा अर्थ आमच्या वाचकांनीं थोडा समजून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोगजंतु शरीरांत शिरले कीं कांहीं पांढऱ्या पेशी त्यांस अडविणारीं द्रव्यें तयार करून रक्तांत सोडतात. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. १८९० सालीं बर्लिन येथें बेरिंग व कितासातो यांस धनुर्वातावरील प्रयोगांत त्यांच्या सामर्थ्याचा प्रत्यय आला.

रोग बरा झाला तरी हीं द्रव्यें मागें राहतात, आणि गैरसमजाचें मूळ येथेंच आहे. विषमज्वरासाठीं करितात ती विडाल परीक्षा पाहा. फ्रेंच वैद्य विडाल यांनीं ती १८९६ सालीं प्रसिद्ध केली. कागदावर १:१६० असें लिहिलें असेल, तर रुग्णाचें सीरम १६० पट पातळ करूनहि त्यानें जंतूंचे पुंजके झाले, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या तापाच्या व पूर्वीं टोंचलेल्या लसीच्या खुणाहि त्यांत उमटतात. आमच्या माहितींतील एका मुलास अशा कागदांवरून एका वर्षांत तीनदां विषमज्वर ‘झाला’, आणि बिचाऱ्याची परीक्षा बुडाली! औषध सुरू होण्यापूर्वीं, पहिल्या आठवड्यांतच, रक्तांतील जंतु वाढवून पाहणें आम्हांस अधिक भरंवशाचें वाटतें.

वाढलेल्या आंकड्याची धास्ती सर्वांसच वाटते. उण्या आंकड्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. १९५२ सालीं ब्रूटन नांवाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास न्यूमोनियासारखे आजार पुनःपुन्हां जडत. रक्त तपासतां त्यांत प्रतिपिंडांचा अंशच आढळेना! इतरांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिपिंडें दरमहा टोंचूं लागल्यावर तो मुलगा सुधारला. हजेरीपटावर ज्याच्या नांवापुढें सदा गैरहजेरी पडते, त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनीं व पालकांनींहि या मुलाची आठवण करावी.

तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी. परमेश्वराची योजना अशी कीं, आईचीं प्रतिपिंडें गर्भांतच बाळास मिळतात. पुढें तीं ओसरतात, व बाळाचीं स्वतःचीं सावकाश वाढतात. म्हणून तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा आंकडा कमीच असावयाचा. कागदावर छापलेली मर्यादा त्या वयाची आहे कीं प्रौढांची, हें डॉक्टरांस विचारण्यास पालकांनीं संकोचूं नये.