दुःख कोणाचें, औषध कोणास?

मुलाचा ओढा समलिंगी व्यक्तींकडे आहे. उपचारांनीं तो पालटेल काय, असें एका स्नेह्यांनीं आम्हांस हलक्या आवाजांत विचारलें. प्रश्न जुनाच आहे. १९३५ सालीं एका अमेरिकन मातेस फ्रॉइडनें उत्तर धाडलें, कीं यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, हा रोग नव्हे. आणि पालटाचें वचनही त्यानें दिलें नाहीं.

१९७३ सालीं रोगांच्या अमेरिकन यादींतून ही प्रवृत्ति वगळण्यांत मनोवैद्य रॉबर्ट स्पिट्झर यांचा मोठा वाटा होता. त्यांनींच २००३ सालीं २०० जणांच्या मुलाखतींवरून, असा पालट कांहींना साधतो, असें लिहिलें. पुरावा काय? सांगणाराचा शब्द! परंतु ज्यास आप्तांचें मन राखावयाचें आहे, तो "पालटलों" असेंच म्हणणार. प्रसंगीं स्वतःचीही समजूत घालणार. हा दोष मान्य करून स्पिट्झर यांनीं २०१२ सालीं जाहीर क्षमा मागितली. आपल्याकडे २०२२ सालीं, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें असे उपचार हें व्यावसायिक गैरवर्तन ठरविलें.

वाचकहो, मुलास वैद्याकडे नेण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं स्वतःसच विचारावें, कीं हें दुःख मुलाचें आहे, कीं चारचौघांच्या भयानें आपलें? आपल्या समाधानासाठीं त्यास जन्मभर खोटें बोलावयास लावणें, यास आम्ही उपचार म्हणणार नाहीं.