मागची बाजू

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इंग्रजी रॉक संगीताशी आमचा संबंध काय, असं कुणीही विचारील. खरंच नव्हता. तो जडला एका सहलीमुळे आणि आमच्या हातून झालेल्या चुकीमुळे.

नववीचा वर्ग घेऊन आम्ही पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात मागच्या सीटवरच्या एका मुलाने मोबाईलवर गाणं लावलं आणि तो ओरडला, "सर, इस अंग्रेजी गाने में बिस्मिल्ला है!" गाडीत गलका झाला. कुणी हसलं, कुणी 'तौबा तौबा' म्हणालं, दोघे त्याच्या अंगावर धावून गेले. आम्ही मोबाईल काढून घेतला आणि "तमाशा मत करो" एवढंच दरडावलं. पोरगा गप झाला. पुढचे आठ दिवस वर्गातही त्याने हात वर केला नाही. बी.एड.ला असताना विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेवर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. गुणही चांगले पडले होते.

मन खाऊ लागलं, तेव्हा आम्हीच शोध घेतला. गाणं 'बोहेमियन रॅप्सडी'. लिहिणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बुलसारा, घराणं पारशी, जन्म 1946 चा, झांझिबारचा. आणि शिकला कुठे? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात राहून! आम्ही त्याच गावात मुलांना टेबललँड दाखवून, स्ट्रॉबेरी खाऊ घालून परत आणलं होतं.

त्याच्या 'क्वीन' या बँडने हे गाणं 31 ऑक्टोबर 1975 रोजी इंग्लंडमध्ये सिंगल म्हणून काढलं. सिंगल म्हणजे सात इंची छोटी तबकडी, दोन बाजूंना दोन गाणी. हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब रेडिओवर कोण वाजवणार, असा आक्षेप आला. बँडने एक सेकंदही कापू दिला नाही. केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर ते दोन दिवसांत 14 वेळा वाजवलं. पुढे ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. 24 नोव्हेंबर 1991 रोजी मर्क्युरी एड्सने गेला. डिसेंबरात तेच गाणं पुन्हा तबकडीवर निघालं, पुन्हा पाच आठवडे पहिलं आलं. त्या तबकडीचं उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलं गेलं.

आम्हाला मात्र तबकडीची मागची बाजू अधिक भावली. तिच्यावर ड्रमवादक रॉजर टेलरचं मोटारीवरचं गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या गाण्यासाठी. पण प्रत्येक विक्रीमागे मागच्या गाण्याच्या लेखकालाही तेवढंच मानधन मिळत गेलं. आमच्या वर्गात मात्र पुढच्या बाकाला शाबासकी आणि मागच्या बाकाला दटावणी, हाच हिशोब चालत आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ही सगळी हकिकत सांगितली. 'बेटा, उस दिन गलती हमारी थी,' असं त्या मुलाला सर्वांसमोर म्हणालो. म्हणायला जड गेलं. वर्ग चिडीचूप होता. मग मागून हात वर आला.

"सर, उसने बिस्मिल्ला क्यों डाला?"

मर्क्युरीने या गाण्याचा अर्थ कधी उलगडून सांगितला नाही. आम्ही तेच सांगितलं आणि म्हणालो, "तू ढूंढ, हमें भी बता."

तो अजून शोधतो आहे. हात मात्र रोज वर होतो.