वेताळ, आनंदघन आणि आमचे आबा

हॉस्टेलवर रात्री अकरानंतर लाइट गेली की दोन विषय हमखास निघतात. एक, मेसमधलं वरण. आणि दुसरा, ‘तुझा फेव्हरेट कोण?’ मग कोणी बॅटमन, कोणी आयर्नमॅन, कोणी नारुतो. गाण्यांत एकीला कोरियन पोरं, दुसरीला अरिजित. सगळ्यांचं झालं की माना माझ्याकडे वळतात. मी सांगते, “कॉमिक्समध्ये वेताळ आणि गाण्यात आनंदघन.” यावर क्षणभर शांतता! मग नाशिकची रूममेट विचारते, “वेताळ म्हणजे तो विक्रमाच्या पाठीवरचा?” आणि पलीकडच्या कॉटवरून प्रश्न येतो, “आनंदघन हा कुठला बँड गं?”

तर मंडळी, दर वेळी अंधारात तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिल्यांदा वेताळ. विक्रमाच्या पाठीवरचा तो वेगळा. तो ‘चांदोबा’तला. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या राजाचं ते प्रसिद्ध चित्र के. सी. शिवशंकर यांनी काढलेलं. २०२० साली ते गेले. माझा वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकानं १९३६ साली वर्तमानपत्रातल्या चित्रमालेसाठी तो जन्माला घातला, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी! फॉक १९९९ साली वारले, तोपर्यंत ते त्याच्या गोष्टी लिहीतच होते. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं मार्च १९६४ मध्ये पहिला अंक काढला तो वेताळचाच. १९९० साली ही मालिका बंद पडली. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधी. तरी मी वेताळची फॅन कशी, तर त्याला कारण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा.

वेताळची गंमत काय आहे सांगू? त्याला कसलीही पॉवर नाही. तो उडत नाही, त्याच्या हातातून जाळी निघत नाही. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं जिवंत आहे, अमर आहे. खरं तर बाप गेला की मुलगा तोच वेश आणि तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. बाहेर कोणाला त्याचं खरं नाव माहीत नसतं. पण कवटीच्या गुहेत मोठमोठ्या जाड वह्या असतात. प्रत्येक पिढीच्या वेताळनं आपण काय काय केलं ते त्यात लिहून ठेवलेलं असतं. लहानपणी मला मारामारीपेक्षा त्या वह्यांचीच जास्त उत्सुकता होती.

आता मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी बोललं की डायरीत रिमार्क मिळायचा. घरी यावं तर घर शिवाजी पेठेत. म्हणजे दारात तालमीची पोरं, रविवारी फुटबॉल, आणि मॅच मंगळवार पेठेशी असेल तर बोलायलाच नको! शाळेत ‘मे आय कम इन’ आणि गल्लीत ‘काय गं, कुठं निघालास?’ आमच्याकडच्या पोरी ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात यावर पुण्याच्या मैत्रिणी अजून हसतात. या सगळ्यात छापील मराठी मी शिकले ती वेताळच्या तोंडून. शाळेतला धडा अंगावर यायचा. पण कॉमिक्समध्ये एका फुग्यात दोनच ओळी, आणि शब्द अडला तरी चित्रावरून अर्थ लागायचा. आबा आवाज काढून वाचून दाखवायचे. चाच्यांचा आवाज घोगरा, डायनाचा नाजूक, आणि वेताळचा थेट आमच्या तालमीच्या वस्तादांचा! परिणाम असा झाला की आठव्या वर्षी मी भाजीवाल्या मावशींना “खबरदार! पावशेरच द्या!” असं म्हणायचे.

ते मराठी कोणी केलं, त्यांचं नाव मला आमच्या एकाही अंकावर सापडलं नाही. मूळ कथेत वेताळच्या देशाचं नाव बंगालची आठवण करून देणारं होतं. इंद्रजालनं ते बदलून डेंकाली केलं. असे बारीकसारीक विचार करणारी माणसं तिथं बसलेली होती. माझी मराठी त्यांची देणेकरी आहे आणि मला त्यांना थँक्यूसुद्धा म्हणता येत नाही.

आबांनी हे अंक जमवले ते मात्र वाचण्यासाठी नाही. आबा बॅनर पेंटर. सिनेमाची बॅनरं रंगवायचे. कोल्हापुरात याचं मूळ थेट बाबूराव पेंटरांपर्यंत जातं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. आबा त्या मानानं अगदी शेवटच्या पिढीतले. पंधराव्या वर्षी उस्तादांकडे रंग घोटायला लागले. मग हात बसल्यावर स्वतः शिडीवर चढले ते फ्लेक्स येईपर्यंत.

त्यांची पद्धत ऐकून आपले ड्रॉइंगचे सरसुद्धा खूश होतील. हातात फोटो टीचभर, बॅनर दहा बाय वीस फूट. मग फोटोवर पेन्सिलनं अर्ध्या इंचाचे चौकोन आखायचे, कापडावर एक-एक फुटाचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. म्हणजे स्केल १:२४! आम्ही पहिल्या सेमिस्टरला एवढं रडत शिकलो ते आबा सातवी पास होऊन करत होते. चेहऱ्याच्या एका बाजूला पिवळा-तांबडा, दुसऱ्या बाजूला निळा-हिरवा, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडातही चेहरा उठून दिसतो.

मग वेताळ कशाला? तर प्रत्येक हिरोची बॉडी काही बघण्यासारखी नसायची! त्या काळात जिम नव्हती. नटाचा चेहरा झकास, पण खांदे पडलेले. आणि कोल्हापूर पडलं कुस्तीचं गाव. असले खांदे टॉकीजवर लावले तर पब्लिक तिकीट काढायच्या आधीच हसायचं. म्हणून आबा चेहरा नटाचा घ्यायचे आणि खांदे वेताळचे! इंद्रजालची अनेक मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली. १९७६ साली आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा आपला देशी हिरो, तो चितारलाही त्यांनीच. आबा त्यांना कधी भेटले नाहीत. पण ‘गोविंदचा हात’ म्हणताना अजून ते नकळत स्वतःचा उजवा हात वर करतात.

आता आनंदघन. तो बँड नाही, तर चक्क लता मंगेशकर आहेत! ‘राम राम पाव्हणं’ला त्यांनी स्वतःच्या नावानं संगीत दिलं होतं. पुढं भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’साठी संगीतकार अडला, तेव्हा मीच चाली लावते असं त्या म्हणाल्या. भालजींना काळजी, की चाली पडल्या तर एवढ्या मोठ्या नावाला बट्टा लागेल. मग टोपणनाव ठरलं, आनंदघन. १९६३ साली ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६४ साली ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५ साली ‘साधी माणसं’ आणि १९६९ साली ‘तांबडी माती’. चारच सिनेमे. ‘साधी माणसं’ला राज्य सरकारचा संगीताचा पुरस्कार मिळाला, तेव्हा नाव पुकारलं तरी कोणी उठेना, शेवटी सूत्रसंचालकांनीच गुपित फोडलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

भालजींचा जयप्रभा स्टुडिओ आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. (मंगळवार पेठेत आहे, पण चांगल्याला चांगलं म्हणावं!) १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. ‘तांबडी माती’चं बॅनर आबांच्या उस्तादांनी रंगवलं तेव्हा तांबड्याच्या सगळ्या छटा घोटल्या आबांनी. ती गाणी तेव्हापासून त्यांच्या तोंडात बसली. मला या चालींत आवडतं ते त्यांचं साधेपण. हिंदीत शंभर व्हायोलिनं मागं घेऊन गाणारी बाई इथं ओवीच्या, पोवाड्याच्या, मातीतल्या चालीवर उभी राहते, आणि कुठंही ‘बघा, मी कोण’ असं नाही. कधी हेडफोन लावून नुसता ठेका ऐका. मेसचं वरणसुद्धा बरं लागतं.

६ फेब्रुवारी २०२२ला लताबाई गेल्या. रविवार होता. मी अकरावीत होते. पेठेत प्रत्येक घरातून त्यांचाच आवाज येत होता. आबा मात्र काही न लावता ओट्यावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. आनंदघनची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी नीट सांगितली. ती ऐकून मी विचारलं, “आबा, तुम्ही बॅनरवर सही का नाही केली कधी?”

“कुठं करू? हिरोच्या गालावर?”

“खाली कोपऱ्यात करायची.”

“बाळा, शुक्रवारी लावायचं आणि पिच्चर गेला की उतरवायचं. मग त्याच कापडावर पांढरा मारून दुसरं काढायचं. सही करून ती आपणच पुसायची व्हय?”

म्हणजे आबांनी पस्तीसेक वर्षं काम केलं आणि त्यातलं एकही आज शिल्लक नाही. फोटो काढायची ऐपत तेव्हा कोणाची होती!

गेल्या दिवाळीत आमचं घर बिल्डरकडे द्यायचं ठरलं. भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं म्हणून माळा रिकामा केला. ट्रंकेत २१२ इंद्रजाल निघाले. मराठी अंकांना आता शौकिनांत चांगली किंमत येते, त्यामुळे बाबांच्या ओळखीतून मुंबईचा एक माणूस बघायला आला. माझा जीव वरखाली. मी आबांना म्हटलं, “विकू नका.” आबा म्हणाले, “माझे बघून झालेत, तुझे वाचून झालेत. पण तुझं शिकून व्हायचंय.” यावर काय बोलणार?

त्या माणसानं तासभर बसून एकेक अंक तपासला. १७१ बाजूला काढले आणि उरलेले ४१ परत आमच्याकडे सरकवले. म्हणाला, “यांच्यावर पेन्सिलनं रेघोट्या आहेत. मार्किंग असलेल्या मालाला काही व्हॅल्यू नाही.” १७१ अंकांच्या पैशांत माझी या वर्षीची हॉस्टेल फी बसली.

तो गेल्यावर मी ते ४१ अंक उघडले. रेघोट्या कसल्या, ते आबांचे चौकोन होते! वेताळच्या खांद्यांवर, घोड्याच्या मानेवर, डाकूच्या मिशांवर, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे. आणि समासात बारीक अक्षरात ‘उषा, १० बाय २०, दोन दिवस’, ‘पद्मा, फक्त हात घेणे’ असली टिपणं. कुठल्या चित्रावरून काय उतरवलं, कुठल्या टॉकीजला, किती दिवसांत. गुहेतल्या वह्या आमच्याच माळ्यावर पडून होत्या आणि मी त्या लहानपणापासून पालथ्या घालत होते.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर आमचा कार्यक्रम असतो. आबांना एका डोळ्यानं आता दिसत नाही, दुसऱ्यानं धूसर. मी अंक उघडून सांगते, “पान सात, वेताळ दोरीला लोंबकळतोय, छातीवर चौकोन, बाजूला लिहिलंय पद्मा.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आबा सिनेमाचं नाव सांगतात, हिरो कोण ते सांगतात, त्या आठवड्यात पाऊस होता की काय तेही सांगतात, आणि कधी कधी मधेच आनंदघनची एखादी चाल गुणगुणतात. मी सगळं वहीत उतरवते. वहीच्या पहिल्या पानावर आबांचं पूर्ण नाव घातलंय. आतापर्यंत २६ अंक झाले. १५ राहिलेत. मी घाई करत नाही, पण रविवार चुकवतही नाही. सबमिशनच्या आठवड्यातही नाही.

तर मैत्रिणींनो (आणि मित्रांनो, तुम्हाला व्हिजिटर्स रूममध्ये), ४१ही अंक माझ्या कपाटात आहेत. कोणालाही वाचायला मिळतील. तुमच्या गावात कोणी बॅनर रंगवणारे काका-आजोबा असतील तर त्यांचं नाव विचारून या, ते वाचनाचं भाडं. बाकी नियम दोनच. वडापाव खाऊन झाला असेल तर हात धुऊन यायचं. आणि पेन्सिलच्या रेघा दिसल्या तर खोडरबर लावायचा नाही.